खटक्याचं पिस्तूल आणि बिनखटक्याचं

नॅडीन सायझमोरला पाइनी फोर्कमध्ये कुणी भित्री म्हटलं असतं, तर म्हणणाऱ्यालाच लोकांनी वेड्यात काढलं असतं. एकतीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. गावातली आजची निम्मी मोठी माणसं तिच्या हातचा मक्याचा ब्रेड खाऊन वाढलेली आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांनी रांगेत धक्काबुक्की केल्याबद्दल तिची बोलणी खाल्लेली आहेत. शाळेमागच्या कचरापेटीत शिरलेलं अस्वल तिने लोखंडी पळीने हाकललं, अशी गोष्ट अजून सांगतात. ती स्वतः म्हणायची, "अस्वल कसलं, पिल्लू होतं. आणि पळी अॅल्युमिनियमची होती, तिला पोचा पडला तो अजून आहे."

ती नॅडीन मग मागच्या दाराची कडी चार-चारदा बघायला लागली. सत्तराव्या वर्षी. कडी लावते, दोन पावलं जाते, परत फिरते, हलवून बघते. पुन्हा जाते, पुन्हा येते. स्वतःलाच शिव्या देते आणि परत हलवून बघते.

आमच्या या डोंगरात मागच्या दाराला कडी लावणं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडावर दार आपटणं. पुढचं दार पाद्र्यासाठी आणि विमावाल्यासाठी. बाकी सगळं जग मागून येतं, आणि दार वाजवत नाही. पायरीवर पाय ठेवला की आपलं नाव सांगत हाळी द्यायची, "मीच आहे, ओपल!" किंवा ज्याचं जे नाव असेल ते, आणि सरळ आत येऊन कॉफी ओतून घ्यायची. हाळी न देता आत येतो तो एक तर घरचा, नाही तर चोर. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण पोरं चालायला लागली की त्यांना तो येतो.

बिघडलं ते सप्टेंबरात. डोंगराच्या वळणावर राहणारी ओपल हॅगर रविवारी चर्चला गेली आणि परत आली तर मागचं दार चौकटीसकट फोडलेलं. मेलेल्या नवऱ्याच्या दुखण्याच्या गोळ्या तिने कपाटात तशाच ठेवल्या होत्या, त्या गेल्या. करवत गेली. आणि टेबलावरचा, सारण भरून भाजलेला सफरचंदाचा गोड पाय अर्धा खाऊन, काटा नीट सिंकमध्ये ठेवून मेले गेले.

"काटा ठेवला गं सिंकमध्ये!" ओपल रडत सांगत होती. "म्हणजे कुणीतरी आपल्यातलंच. चांगल्या आईचं पोर असणार."

ते ऐकून नॅडीनने त्याच रात्री पहिल्यांदा मागच्या दाराला कडी लावली. असल्या गोळ्यांच्या नशेपायी माणसं काय करतात ते या खोऱ्यात कुणाला सांगायला नको. आणि गोळ्या कुणाच्या घरी आहेत हेही सगळ्यांना ठाऊक. बर्लच्या पाठीच्या गोळ्या दर महिन्याला औषधवाल्याकडून येतात, चार माणसांच्या देखत पिशवीत पडतात.

बर्ल म्हणजे तिचा नवरा. चौतीस वर्षं कोळशाच्या खाणीत वीजतंत्री होता. जमिनीखाली दिवा गेला तर अंधारात, नुसत्या बोटांनी तारा जोडणारा. त्याआधी दोन वर्षं फौजेत, शस्त्रं दुरुस्त करायच्या खात्यात. बोलायला कमी, हाताला पक्का. असा माणूस घरात असताना बाईने चोराला भ्यायचं कारण नव्हतं. पण बर्ल आता घरात असून नसल्यासारखा झाला होता, आणि हे गावात कुणालाही माहीत नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती नॅडीनने दोन वर्षं झाकून धरली होती. बर्ल चर्चमध्ये कुणाचं नाव विसरला की ती म्हणायची, "त्याला ऐकू येत नाही हो, जरा मोठ्याने बोला." खाणीतल्या यंत्रांनी इथल्या सगळ्याच म्हाताऱ्यांचे कान गेलेले, त्यामुळे कुणी शंका घेत नसे. लोक ओरडून बोलत, बर्ल हसून मान हलवी, की झालं. फक्त लेकीला माहीत होतं. रोंडा, तिकडे कोलंबस शहरात असते. ईस्टरला आली तेव्हा बापाने तिला विचारलं, "तू कुणाची गं?" त्या दिवशी जावयाने भिंतीवरच्या कपाटातल्या पाचही बंदुका गाडीत भरल्या आणि घेऊन गेला. बर्लच्या बापाचं एक जुनं फौजी पिस्तूल होतं, ते मात्र मिळालं नाही. "ते मी हर्शेलला विकलं," बर्ल म्हणाला. गावातला हर्शेल वारून तीन वर्षं झाली, आता त्याला कोण विचारणार?

जाताना रोंडा म्हणाली, "आई, अजून एक काही झालं ना, की मी बाबांना तिकडच्या म्हाताऱ्यांच्या केंद्रात ठेवणार. तू कितीही रड."

"काही होत नाही," नॅडीन म्हणाली. "तू तुझं बघ."

रोंडाला न सांगितलेलं बरंच होतं. जुलैपासून नॅडीन पुढच्या खोलीत कोचावर झोपत होती हे सांगितलं नव्हतं. सकाळी जाग आली की शेजारी बाई बघून बर्ल दचकायचा, उठून भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. कोच बरा. बिछाना तो स्वतः घालायचा, फौजेतल्यासारखा, चादरीवर एक सुरकुती नाही. त्याला कुणी हात लावलेला खपायचा नाही. नॅडीन फक्त शनिवारी चादरी बदलायची.

आणि मागच्या आठवड्यातल्या मंगळवारचंही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती मागच्या अंगणातून वाळलेले कपडे घेऊन आत आली. बर्ल फडताळाच्या दाराआड उभा, उजवा हात पाठीमागे. नजर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

"बाई," तो अगदी सभ्यपणे म्हणाला, "तुम्ही चुकीच्या घरात आलात."

नॅडीनला रडू आलं होतं, पण रडून काय होतं? ती म्हणाली, "आलेच आहे तर सफरचंदाचा पाय खाऊन जाते. तुम्हीही बसा." तो बसला. डाव्या हाताने सगळा पाय खाल्ला, उजवा हात टेबलाखाली. तेवढ्यातही तिला हसू आलं, की या माणसाला आता उजवं-डावंही कळेना.

तर अशी ही दोन टोकं. बाहेर गोळ्यांसाठी दारं फोडणारे, आणि घरात हा. रोज दुपारी रस्त्यावर अनोळखी गाडीचा आवाज आला की नॅडीनचा जीव खाली-वर व्हायचा. शेवटी ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी तिने ठरवलं: पिस्तूल घ्यायचं. लहानसं, स्वतःपुरतं, कुलपाच्या पेटीत ठेवायचं. बर्लला घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून त्यालाही बरोबर घेतला. खायला पेपरोनी रोल हातात दिला, गाडीत बसवला. सकाळी तो चांगला होता. तिला नॅडीन म्हणाला होता, दोनदा.

लॉनी एस्टेपचं दुकान पुलापाशी आहे. निम्म्यात मासेमारीचं सामान, निम्म्यात बंदुका, भिंतीवर हरणांची मुंडकी आणि कोपऱ्यात कधीही न धुतलेलं कॉफीचं भांडं. सकाळी तिथे म्हाताऱ्यांचा अड्डा असतो, दुपारी कुणी नसतं. नॅडीनने मुद्दाम दुपार धरली होती. लॉनी पन्नाशीचा, ढेरपोट्या, बोलघेवडा. त्याचा बाप बर्लच्या हाताखाली खाणीत होता. इथल्या रीतीने थोरल्या बायकांना, लग्न झालेल्यांनाही, तो मिस म्हणायचा.

"मिस नॅडीन! काय पाहिजे? पुन्हा अस्वल आलं का?"

"अस्वल परवडलं असतं, लॉनी. त्याला गोळ्या नको असतात."

लॉनीचा चेहरा उतरला. या महिन्यात अशा सहा बायका त्याच्याकडे येऊन गेल्या होत्या. त्याने काउंटरवर हिरवी चटई पसरली आणि दोन पिस्तुलं काढून तिच्यासमोर ठेवली, दोन्ही उघडी, रिकामी, तोंडं भिंतीकडे. बर्ल तोवर पलीकडे माशांचे गळ बघत होता.

"हे ग्लॉक आणि हे स्मिथ अँड वेसन," लॉनी म्हणाला. "घरासाठी माणसं या दोनांतलंच एक नेतात. बाकी सगळं जाहिरात. आधी वरची पट्टी मागे ओढून बघा."

नॅडीनने ग्लॉक उचललं. पट्टी ओढायला गेली तर अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ गेली. एकतीस वर्षं पिठाच्या पराती उचलून तिच्या बोटांची पेरं सुजून गाठी झालेली. पट्टी अर्धी आली आणि सुटली.

"जाऊ द्या, सवयीने येतं. आता हे."

स्मिथची पट्टी सहज मागे आली. तिला स्वतःचंच नवल वाटलं.

"हे खास अशाच हातांसाठी केलंय. मुठीत मागे ही दुसरी छोटी पट्टी आहे, मूठ नीट आवळली नाही तर उडत नाही. आणि हा बाजूला सेफ्टीचा खटका. खटका वर, तर पिस्तूल मुकं. अंगठ्याने खाली केला, की बोलतं."

"आणि त्या ग्लॉकला?"

"त्याला बाहेर खटका नाही. धरायचं आणि चाप ओढायचा. म्हणून पुष्कळांना तेच आवडतं. कसंय मिस नॅडीन, भीतीच्या वेळी माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, खटका कुठला आठवायला?"

 नाव आठवत नाही म्हटल्याबरोबर नॅडीनने चोरून बर्लकडे बघितलं. तो एक लाल गळ उजेडाकडे धरून बघत होता, मजेत.

तिच्या डोक्यात हिशोब सरळ होता. चोरासाठी बिनखटक्याचं बरं, हे तिला पटत होतं. पण चोर येईल न येईल, बर्ल तर घरातच होता. समजा पेटी उघडी राहिली, समजा त्याच्या हाती लागलं. खटका असला तर त्याला जमायचं नाही. शर्टाची बटणं कुठल्या क्रमाने लावायची तेही आताशा त्याला सुचत नव्हतं, तर खटका कसला सुचतो.

"लॉनी, ज्याला यातलं कळत नाही त्याच्या हाती पडलं, तर खटका उपयोगी ना?"

"नातवंडं येतात का?"

"हो. नातवंडं." नातवंडं कॉलेजात होती, एकाला दाढी होती. खोटं बोलायची तिला आता इतकी सवय झाली होती, की जीभही अडखळली नाही.

"मग स्मिथ," लॉनी म्हणाला. "पोरांना नाही जमत तो."

तेवढ्यात मागून बर्ल आला. लाल गळ खाली ठेवला आणि नॅडीनच्या खांद्यावरून हात घालून स्मिथ उचललं.  बर्लने नळी भिंतीकडे धरली, मॅगझिन काढून चटईवर ठेवलं, पट्टी मागे ओढून आत करंगळी घालून बघितली. दुसऱ्याने रिकामं सांगितलं तरी स्वतःच्या बोटाने बघितल्याशिवाय इथला कुणीच मानत नाही, पण बर्लचं ते एका दमात, गाणं म्हटल्यासारखं. पुढच्या दहा सेकंदांत पिस्तूल चटईवर चार तुकड्यांत मांडलेलं होतं, आणि त्याच्या पुढच्या दहात परत जोडलेलं. त्याने हाताकडे बघितलंसुद्धा नाही. तो लॉनीकडे बघत होता.

"स्प्रिंग हलकी केलीय. म्हणून ओढायला सोपं. चांगली कल्पना आहे."

"बघा! कान गेले, पण हात नाही गेले!" लॉनी खूश होऊन ओरडला. "बर्लकाका, माझा बाप सांगायचा, अंधारात तुमचे हात डोळ्यांसारखे चालतात म्हणून."

"तुझा बाप आळशी होता," बर्ल म्हणाला. "पण माणूस चांगला. ओरडू नकोस, मला ऐकू येतं."

लॉनी खो खो हसला. नॅडीनही हसली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वर्षभरात बर्ल असा सलग बोलला नव्हता. लॉनीचा बाप आठवला! त्याने स्मिथ तिच्या हातात दिलं, तिचा सुजलेला अंगठा आपल्या बोटांनी उचलून खटक्यावर ठेवला. "नॅडीन, तुझ्या बोटांना हेच बरं. हा असा. खाली. बस. घाबरायचं नाही." तिला वाटलं, पिस्तूलबिस्तूल गेलं चुलीत, हा माणूस असाच राहू दे देवा, एवढं पुरे.

पण त्याच क्षणी तिला हेही दिसलं होतं, की बर्लच्या अंगठ्याने तो खटका न बघता, न थांबता, सवयीने खाली केला होता. शर्टाची बटणं विसरणारा तोच अंगठा. तिचा सगळा हिशोब कोसळला. असल्या खटक्याने नातवंडं अडतील, बर्ल अडायचा नाही.

ते तिला कळलं, आणि तरी तिने मनाला दटावलं. पेटी आहे ना? कुलूप आहे ना? आणि आज बघ किती बरा आहे. माणूस भ्यालेला असला की जे ऐकायचं तेच ऐकतो. "स्मिथ दे," ती म्हणाली. लॉनीने तिला सरकारी फॉर्म दिला आणि ती काउंटरच्या टोकाला, खिडकीतल्या उजेडाला तो भरायला बसली. नाव, गाव, जन्मतारीख. मग एक प्रश्न असतो, की हे शस्त्र तुम्ही खरोखर स्वतःसाठीच घेता आहात ना? तिने हो वर खूण केली आणि पेन तिथेच थबकलं.

त्या शांततेत तिला बर्लचा आवाज आला. हळू आवाज, पुरुष पुरुषाशी बोलतो तसा.

"लॉनी, मला ते दुसरं दे. बिनखटक्याचं."

"तुम्हाला कशाला, काका? एका घरात दोन?"

"घरात एक बाई येते."

लॉनी हसायच्या बेतात होता. "कोण बाई?"

"माहीत नाही. म्हातारी आहे. कधीही येते. स्वयंपाकघरात वावरते, कपाटं उघडते, नॅडीनचे कपडे घालते. नॅडीन नसते तेव्हाच येते, ते बघून ठेवलंय तिने. मी नॅडीनला सांगितलं नाही. ती घाबरेल."

लॉनीचं हसू तिथेच थिजलं. त्याने मान वळवून नॅडीनकडे बघितलं, तिच्या पांढऱ्या केसांकडे. नॅडीन हलली नाही. 

"मागच्या मंगळवारी आली होती," बर्ल सांगत होता. "मागच्या दाराने, हाळी न देता. चोरच ना मग? मी फडताळामागे होतो. बाबांचं पिस्तूल होतं हातात. पण त्याचा खटका गंजलाय, दाबतो दाबतो तर हलेचना. तेवढ्यात ती आत येऊन बसलीसुद्धा. मला सफरचंदाचा पाय खायला दिला. माझाच पाय! आख्खा वेळ मी टेबलाखाली खटका दाबत होतो, लॉनी. म्हणून म्हणतो, खटक्याचं काही उपयोगाचं नाही. ऐन वेळी दगा देतं."

नॅडीनच्या हातातून पेन पडलं आणि घरंगळत जमिनीवर गेलं. डाव्या हाताने खाल्लेला पाय. टेबलाखालचा उजवा हात. आणि ती हसली होती! समोर बसून, त्याच्या प्लेटमध्ये दुसरा तुकडा वाढत हसली होती. चोराला अडवायला इथे पिस्तूल निवडत बसली होती आणि चोर म्हणून जिच्यावर नेम धरलेला ती बाई ती स्वतःच होती. आज ती जिवंत बसलेली होती ती एका गंजक्या खटक्याच्या कृपेने, दुसरं काही नाही.

लॉनीला बोलघेवडा म्हणतात, पण त्या दिवशी त्याने जे केलं ते शहाण्याला सुचलं नसतं. त्याने आवाज बदलला नाही. दोन्ही पिस्तुलं सावकाश काचेखाली ठेवली, कुलूप लावलं. मग म्हणाला, "बाबांचं पिस्तूल फेकवत नाही हो, काका. माझ्याकडे आणा, मी खटका साफ करून देतो."

"केला की मी. रविवारी." बर्लच्या चेहऱ्यावर कारागिराचा अभिमान. "आता लोण्यासारखा फिरतो."

"मग नवीन कशाला पाहिजे?"

"ते मी नॅडीनला ठेवलंय. मला नको का एक?"

"कुठे ठेवलंय?"

बर्लने बोलायला तोंड उघडलं आणि त्याची नजर खिडकीकडे गेली. नॅडीन बसली होती तिथे. त्याचे डोळे बारीक झाले. तो लॉनीच्या कानाशी वाकला, तरी नॅडीनला ऐकू आलंच.

"ती बघ. इथेही आलीय. तिच्यासमोर नाही सांगायचं."

पन्नास वर्षांचा संसार. त्या माणसाने आपल्याकडे असं बघावं, आणि आपण त्याच्यासमोरून उठून जावं, का, तर त्याने मोकळेपणी बोलावं! नॅडीन उठली. पर्स घेतली, बाहेर गेली आणि गाडीत बसली. पुलाखालून पाणी जात होतं, एक कुत्रं आलं, तिच्या चाकाला वास घेऊन गेलं.  ती देवाला काहीच मागत नव्हती. फक्त म्हणत होती, त्याने सांगू दे, त्याने सांगू दे.

पंधरा मिनिटांनी लॉनीने दुकान बंदची पाटी फिरवली आणि बर्लला स्वतःच्या गाडीत बसवलं. नॅडीनच्या खिडकीशी आला तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं.

"मिस नॅडीन, तुम्ही पुढे चला, पण घरात जाऊ नका. अंगणात थांबा. कधीपासून असंय?"

"दोन वर्षं."

"आणि आम्ही मूर्ख ओरडून बोलत होतो," लॉनी म्हणाला.

घरी ती अंगणात कपड्यांच्या दोरीपाशी उभी राहिली. बर्ल लॉनीला घेऊन मागच्या दाराने आत गेला. झोपायच्या खोलीची खिडकी उघडी होती, तिथून तिला दोघे दिसत होते. बर्ल बिछान्यापाशी गेला. स्वतःच्या बाजूला नाही, नॅडीनच्या. जुलैपासून जिथे ती झोपली नव्हती त्या बाजूची उशी त्याने उचलली, आणि तिच्याखाली ते काळं जुनं धूड होतं, फडक्यावर नीट ठेवलेलं. मूठ बिछान्याच्या कडेकडे, तिच्या हाताला लागेल अशी.

"ती इथे झोपते," बर्लने लॉनीला समजावलं. "एकटी असते बिचारी. ती बाई आली तर हाताशी असावं."

लॉनीने ते उचललं. आठ गोळ्या काढल्या, एक नळीतली आणि सात मॅगझिनमधल्या. मग त्याने अंगठा खटक्यावर ठेवला. खटका आवाजसुद्धा न करता खाली गेला, वर आला, खाली गेला. लॉनी तिथेच बिछान्यावर बसला, बर्लच्या त्या सुरकुती नसलेल्या चादरीवर, आणि बर्ल त्याला काहीही बोलला नाही.

त्या संध्याकाळी लॉनीने मागच्या दाराच्या चौकटीत चार-चार इंचाचे स्क्रू पिळले आणि लोखंडी पट्टी बसवली. चोराला तेवढं पुरे, म्हणाला. बर्लच्या पाठीच्या गोळ्यांची बाटली ओपलच्या भाचीकडे गेली, ती नर्स आहे, रोजची एक आणून देते. "रोंडाला तुम्ही सांगता की मी सांगू?" त्याने विचारलं. नॅडीननेच फोन केला. सगळं सांगितलं, त्या सफरचंदाच्या पायासकट. पलीकडून बराच वेळ नुसता रडण्याचा आवाज येत होता. रोंडा त्याच आठवड्यात आली आणि राहिली. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर बर्लला कोलंबसला न्यायचं ठरलं, आणि या वेळी नॅडीनने वाद घातला नाही. केंद्राजवळ एक खोली बघायला मात्र तिने लेकीला सांगितलं, स्वतःसाठी.

पाइनी फोर्कला आता सगळं कळलंय. कुणी ओरडून बोलत नाही. लाजेने सोलून निघाल्यासारखं होईल असं तिला वाटलं होतं, तसं झालं नाही. लोक घरी शिजवलेले कॅसरोल आणून ठेवतात, पायरीवरून नाव सांगतात आणि आत येतात.

नॅडीनही आता तसंच करते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मागच्या दारात. दोरीवरचे कपडे काढून झाले की टोपली कडेवर घेऊन पायरीवर थांबते आणि हाळी देते, "मीच आहे, नॅडीन!" बहुतेक वेळा आतून बर्लचा आवाज येतो, "मग ये की, विचारतेस काय?" मग ती जाते.

एखाद्या दिवशी तो म्हणतो, "नॅडीन घरात नाही हो, बाई. येईलच एवढ्यात."

"बरं," नॅडीन म्हणते, "मी थांबते." आणि टोपली खाली ठेवून, ती येईपर्यंत पायरीवर बसून राहते.